वृद्धाश्रमात किंवा घरी पेशंट सांभाळताना इन्फेक्शन कसं रोखायचं : एका जुन्या सिस्टरचे चार शब्द

गणपती विसर्जनानंतर उरलेला गुलाल मी एका डबीत जपून ठेवते, पूजेला नाही, ट्रेनिंगला. नवीन मावशी किंवा मामा ड्युटीवर आले की पहिल्या दिवशी त्यांच्या उजव्या तळहाताला खोबरेल तेलात कालवलेला चिमूटभर गुलाल लावायचा आणि सांगायचं, आता अर्धा तास रोजच्यासारखं काम करा. अर्ध्या तासाने आम्ही दोघी मिळून लाल शोधत फिरतो. कॉटच्या कडेला असतो, नळाच्या चावीला असतो, बेलच्या बटणावर, डायपरच्या पाकिटावर, पाण्याच्या जगच्या कानाला, आजींच्या चष्म्याच्या काडीवर, आजींच्या गालावर पण (प्रेमाने हात फिरवला ना), स्वतःच्या नाकाच्या शेंड्यावर, आणि दर वेळी, म्हणजे अगदी दर वेळी, मोबाईलवर. एक मामा तर म्हणाले होते की सिस्टर मी मोबाईल काढलाच नाही, आणि स्क्रीनवर अंगठा उमटलेला!

जंतू असेच फिरतात, फक्त ते लाल नसतात एवढंच.

मी एकतीस वर्षं वॉर्डात काढली, आता सिंहगड रोडच्या बाजूला एका छोट्या वृद्धाश्रमात देखरेख करते, शिवाय ओळखीपाळखीतले लोक घरी आईवडील अंथरुणाला खिळले की फोन करतात. पुण्यात हे घराघरात चाललंय, मुलगा अमेरिकेत, सून बंगळुरूला, आणि कोथरूडच्या टू बीएचकेमध्ये आजी आणि ब्युरोची मावशी. हॉस्पिटलात निदान इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर असते, राऊंड होतो, कोणीतरी ओरडणारं असतं, इथे कोणी नाही. म्हणून हे लिहितेय. आणि एक गोष्ट आधीच सांगते कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे : भिंतीवर पाट्या लावून काही होत नाही, पुणेकरांना पाट्यांचं कौतुक सांगू नये पण खरंच होत नाही. रात्री तीन वाजता दमलेला माणूस जे हाताशी असतं तेच वापरतो. हँडरब (हाताला चोळायचं अल्कोहोलचं सॅनिटायझर) कपाटात कुलपात असेल तर तो नाहीच असं समजा.

हात

हँडरबची बाटली प्रत्येक कॉटच्या पायथ्याशी बांधा. खोलीला एक नाही, कॉटला एक. वासावर किंवा रंगावर जाऊ नका, लेबलवर अल्कोहोल किमान ६० टक्के आहे का तेवढं वाचा. हात कधी साफ करायचे याचे जागतिक आरोग्य संघटनेने पाच प्रसंग सांगितलेत, मी ते मावश्यांना असं सांगते : पेशंटला हात लावायच्या आधी, ड्रेसिंग-कॅथेटर-नळीचं काही करायच्या आधी, लघवी शी रक्त थुंकी असलं काही लागल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि पाचवा जो सगळे विसरतात, पेशंटला हात नाही लावला पण त्याची कॉट, टेबल, चादर, रिमोट याला लावला त्यानंतर. त्या पाचव्यासाठीच तर गुलाल आहे.

हँडरबला २० ते ३० सेकंद लागतात, हात कोरडा होईपर्यंत चोळायचा, फुंकर मारून किंवा पदराला पुसून नाही. साबण-पाण्याला ओले करण्यापासून पुसण्यापर्यंत धरून ४० ते ६० सेकंद. घड्याळ कोण बघतंय, आम्ही पाढे म्हणतो. बेचा आणि तीनचा सावकाश म्हटला की झालं. आमच्याकडे एक निवृत्त शाळामास्तर आहेत वय वर्षं ब्याण्णव, ते कॉटवरून मावश्यांना औटकी (साडेतीनचा पाढा) म्हणायला लावतात, ती कोणालाच येत नाही त्यामुळे हात मात्र भरपूर वेळ धुतले जातात. अंगठा आणि बोटांची टोकं नीट चोळा, सगळ्यांचे तिथेच राहतात, तळवे तर लहान पोरं पण धुतात.

आता महत्त्वाचं. जुलाबाचा पेशंट असेल तर हँडरबवर भागवू नका, साबण आणि वाहतं पाणीच. नोरोव्हायरस अल्कोहोलला फारशी दाद देत नाही, आणि अँटिबायोटिक्सच्या मोठ्या कोर्सनंतर म्हाताऱ्या माणसांना जे सी डिफिसिलचे जुलाब लागतात त्या जंतूचे बीजाणू तर अल्कोहोलने मरतच नाहीत, ते चोळून धुऊनच काढावे लागतात. हाताला दिसण्यासारखी घाण असेल तरी साबणच.

बांगड्या. हा विषय नाजूक आहे. नियम असा की कोपराखाली काही नको, अंगठी नको, घड्याळ नको, दोरा नको, नेलपॉलिश नको. पण श्रावणात हिरव्या बांगड्या भरलेल्या मावशीला तुम्ही काढ म्हणालात तर ती उद्या येणार नाही. मी भांडून बघितलं, तीन मावश्या गेल्या. आता मी म्हणते बांगड्या कोपरापर्यंत वर सारा आणि त्यावर रुंद रबरबँड लावा, मनगट मोकळं ठेवा. पुस्तकात बसत नाही पण मनगट धुतलं जातं. अंगठीवर मात्र माझी माघार नाही, तिच्याखाली ओल राहते, ती गळ्यातल्या साखळीत अडकवा.

हात धुण्याची एक गोष्ट मला फार आवडते. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने बघितलं की डॉक्टर आणि विद्यार्थी असलेल्या बाळंतपणाच्या वॉर्डात बायका तापाने जास्त मरतात आणि सुईणींच्या वॉर्डात कमी. कारण डॉक्टर लोक शवविच्छेदन करून तसेच हात घेऊन बाळंतिणीकडे येत होते. त्याने क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि मृत्यू धाडकन खाली आले. वरिष्ठांना मात्र ते रुचलं नाही. मोठे डॉक्टर राऊंडला आले की मी आजही बाटली पुढे करते आणि हसते, ते पण हसतात, आणि लावतात.

ग्लोव्हज म्हणजे कवचकुंडलं नव्हेत

ग्लोव्हज घातले की माणसाला वाटतं आपण स्वच्छ आहोत. तुम्ही असाल हो, पण ग्लोव्ह नाहीये. एकाचं डायपर बदललं, त्याच ग्लोव्हने दाराची कडी, त्याच ग्लोव्हने शेजारच्या आजोबांची उशी सरळ केली, हे मी रोज बघते. एक पेशंट, एक काम, एक जोडी. एकाच पेशंटचं पण शीचं काम झालं की तोंड पुसायच्या आधी ग्लोव्ह बदलायचा. काढताना बाहेरची बाजू बाहेरून धरून उलटा काढायचा, दुसऱ्या हाताचा आतून बोट घालून, आणि मग परत हात साफ, कारण ग्लोव्हला बारीक भोकं असतात आणि काढताना लागतंच. ग्लोव्हवरच हँडरब लावून पुढच्या कॉटकडे जाणं ही आपल्याकडची काटकसर, बंद करा. आणि पेशंटला नुसतं जेवण भरवायला, केस विंचरायला ग्लोव्ह लागत नाही. कातडी धडधाकट असेल तर साफ हाताने करा, त्या माणसाला माणसाचा हात लागू दे.

फिनेल, ब्लीच आणि वासाचा भ्रम

लोकांना वास आला की साफ झालं असं वाटतं, वासाने जंतू मरत नाहीत. आधी साबणाच्या पाण्याने घाण काढायची, मग जंतुनाशक. घाणीवर थेट ओतलेलं जंतुनाशक घाणीतच संपून जातं.

सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचं म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजेच ब्लीच. मोठा कॅन आणलात की त्याच्यावर किती टक्के लिहिलंय ते आधी बघा. ५ टक्क्याचं असेल तर हिशोब असा : २०० मिली औषध आणि ८०० मिली पाणी झालं १ टक्का, हे रक्त, उलटी, शी सांडली तर. आणि २० मिली औषधात पाणी घालून १ लिटर केलं की ०.१ टक्का, हे रोजच्या कॉटच्या कडा, बेलचं बटण, कडी, कमोडचं सीट यासाठी. लावून लगेच पुसायचं नाही, १० मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग साध्या पाण्याने पुसायचं नाहीतर स्टीलला गंज धरतो आणि संगमरवराची वाट लागते. रोज सकाळी ताजं करायचं, काल उरलेलं आज वापरायचं नाही, कारण त्याचा जोर कमी होत जातो. झाकणाची गडद बाटली, वर तारीख, आणि स्वयंपाकघरात नाही म्हणजे नाही.

सांडलेलं रक्त किंवा उलटी असेल तर आधी ग्लोव्ह, मग जुनं वर्तमानपत्र किंवा टिश्यू टाकून शोषून उचलायचं, मग १ टक्क्याचं १० मिनिटं, मग पुसायचं. मोप घेऊन फरफटवत बसायचं नाही, त्याने एका टाइलची घाण दहा टाइलला लागते. आणि लघवीच्या थारोळ्यावर ब्लीच थेट ओतू नका, घशाला झोंबणारा वायू तयार होतो, आधी पुसून घ्या. संडास धुवायच्या अॅसिडमध्ये तर ब्लीच कधीच मिसळायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये जिवावर बेततं. आमच्या एका मावशीने डबल सफाई व्हावी म्हणून दोन्ही एकत्र ओतलं होतं, आम्ही खोकत खोकत तिला ओढून बाहेर काढलं, नशीब खिडकी उघडी होती.

फडकी आणि बादल्या वेगळ्या ठेवा. बोहरी आळीत किंवा तुळशीबागेत तीन रंगांच्या बादल्या मिळतात : लाल संडास-बाथरूमची, निळी खोल्यांची, हिरवी स्वयंपाकघराची. रंग नाही मिळाले तर दांड्याला नेलपॉलिशने खूण करा (हातांना नको म्हटलं ना, ती इथे वापरा). पुसायचं स्वच्छ जागेकडून घाण जागेकडे, वरून खाली. आणि मोप रात्री बादलीतल्या पाण्यात भिजत ठेवू नका, पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये तर तो चार दिवस वाळत नाही, असल्या मोपने तुम्ही फरशी पुसत नाही, फरशीला जंतू फासता. दोन मोप ठेवा, एक वाळत एक वापरात. पावसाळ्यात चादरी वाळत नाहीत तेव्हा गरम इस्त्री फिरवा. आणि मळलेली चादर झटकायची नाही, छातीशी धरून न्यायची नाही, बादली कॉटपाशी आणायची, चादर गुंडाळून त्यातच टाकायची.

कॅथेटर आणि नळ्या

आमच्या कामात वारंवार त्रास देणारी गोष्ट म्हणजे लघवीची नळी. पहिला प्रश्न रोज विचारा, ही अजून लागतेय का? डॉक्टरांना विचारा, परत विचारा. डायपर बदलायचा कंटाळा हे कॅथेटरचं कारण होऊ शकत नाही, आणि जितके दिवस नळी तितके जंतू जास्त.

असेल तर बॅग मूत्राशयाच्या खाली हवी पण जमिनीला टेकता कामा नये, कॉटच्या चौकटीला हुक लावा. चुकतं कुठे सांगते. आजोबांना कॉटवरून व्हीलचेअरवर घेताना मामा बॅग उचलून आजोबांच्या मांडीवर ठेवतात, कारण दोन्ही हात मोकळे हवेत, बरोबर आहे त्यांचं. पण त्या दोन मिनिटांत बॅगेतली, तासन्‌तास साचलेली लघवी नळीतून उलटी आत जाते. दोन दिवसांनी थंडी वाजून ताप. उपाय काय, तर हलवायच्या आधी बॅग रिकामी करा, आणि व्हीलचेअरला सीटच्या खाली एक कायमचा एस हुक लावून टाका. हुक आहे म्हटल्यावर बॅग आपोआप तिथे जाते, मला एकदाही ओरडावं लागलं नाही त्यानंतर. रिक्षाने किंवा अँब्युलन्सने नेताना पण हेच लक्षात ठेवा.

बॅग दोन तृतीयांश भरायच्या आत रिकामी करायची, प्रत्येक पेशंटचा मग वेगळा, नावासकट, बॅगेची तोटी मगला टेकवायची नाही. एकच मग घेऊन पाच जणांच्या बॅगा रिकाम्या करत जाणं म्हणजे रोगाची वारी काढणं आहे. नळी आणि बॅगेचा सांधा उगाच उघडायचा नाही. नळीभोवती रोज साबण-पाण्याने धुवायचं, बायकांचं पुढून मागे. आणि नातेवाईकांनो, लघवीला वास येतो, गढूळ दिसते म्हणून लगेच कल्चर (लघवीतल्या जंतूंची तपासणी) आणि अँटिबायोटिक मागू नका, नळी असलेल्या माणसाच्या लघवीत जंतू सापडतातच. ताप, थंडी, पोटात दुखणं, अचानक असंबद्ध बोलणं, जेवण सोडणं असं काही असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर.

नाकातली रायल्स ट्यूब (पोटात जेवण सोडायची नळी) असेल तर भरवताना डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश वर आणि नंतर निदान अर्धा तास तशीच, आडवं केलं की भरवलेलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. तोंडाने खात नाहीत म्हणून दात घासायचे सोडू नका, उलट जास्त घासा, कारण तोंडातली घाणच खाली उतरून न्यूमोनिया करते. कवळी रात्री काढून, धुऊन, पाण्यात. कूस दर दोन तासांनी बदला, बेडसोअर (एकाच कुशीवर पडून होणारी जखम) ही जंतूंना आपण उघडून दिलेली खिडकी असते, टाचा बघायच्या विसरू नका. ग्लुकोमीटरची सुई टोचायचं पेन आणि नेब्युलायझरचा मास्क ज्याचा त्याचा वेगळा, एवढं बस.

खरूज, ज्याची कोणी वाच्यता करत नाही

हे माझ्या स्वतःच्या चुकीचं प्रकरण आहे. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एक आजी रात्रभर खाजवायच्या. मी म्हटलं उन्हाळा आहे, घामोळं असेल. पावडर लावली, मग मेडिकलवाल्याने दिलेलं एक मलम लावलं, ज्यात स्टेरॉइड होतं, त्याने लाली गेली आणि मी निर्धास्त झाले. दीड महिन्याने नऊ जण खाजवत होते, त्यात दोन मावश्या आणि एका मावशीचा पहिलीतला मुलगा. तो मुलगा तर आमच्याकडे कधी आलाही नव्हता.

खरूज फसवते ती अशी, पहिल्यांदा झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर ती पसरत असते. म्हाताऱ्या माणसांत तर पुरळ नीट दिसतही नाही. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, बेंबीभोवती, काखेत बारीक पुरळ, आणि घरात किंवा खोलीत दुसरं कोणी खाजवतंय, एवढं दिसलं की कातडीच्या डॉक्टरांना दाखवा, मेडिकलवाल्याला नाही.

मग सगळ्यांना एकाच दिवशी औषध. हे सगळ्यांना म्हणजे ज्यांना खाज नाही त्यांना पण, रात्रपाळीच्या मावशीला पण, तिच्या घरच्यांना पण. नेहमीचं औषध ५ टक्के पर्मेथ्रिन क्रीम, मानेपासून तळपायापर्यंत (वयस्करांना डॉक्टर डोक्याला आणि चेहऱ्यालाही सांगू शकतात), नखांखाली, बेचक्यात, रात्री लावून सकाळी अंघोळ. मध्ये हात धुतले तर हाताला परत लावायचं, हे नव्वद टक्के लोक विसरतात असं मला वाटतं. आठवड्याने दुसऱ्यांदा. त्याच दिवशी चादरी, टॉवेल, कपडे कडक गरम पाण्यात, आणि धुता न येणारी शाल-स्वेटर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवायची, खरजेचा किडा अंगाबाहेर दोन-तीन दिवसच जगतो, आम्ही सात दिवस ठेवतो मनाच्या समाधानाला. औषधानंतरही दोन-तीन आठवडे खाज राहू शकते, म्हणून रोज रोज क्रीम लावत बसू नका.

आणि मावशीच्या औषधाचे पैसे तुम्ही द्या. तिच्या पगारातून कापलेत तर पुढच्या वेळी ती खाज लपवेल, आणि तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

जुलाब आणि पाणी

२०२५ च्या जानेवारीत आमच्याच भागात, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, सिंहगड रोडला जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, ज्यात नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात) पेशंट धडाधड निघाले ते तुम्हाला आठवत असेल. बऱ्याच जणांना आधी जुलाब झालेले, काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला, काहींच्या नोरोव्हायरस. तेव्हापासून आमच्याकडे पाणी खळखळून उकळल्याशिवाय पिंपात जात नाही, फिल्टर असला तरी. पिंपाला तोटी बसवा, ते नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं, पेला बुडवायचा नाही. कच्चं चिकन आणि कोथिंबीर एकाच सुरीने कापायची नाही.

एकाच दिवशी दोघांना जुलाब किंवा उलट्या झाल्या तर योगायोग समजू नका, साथ समजा. त्यांचं कमोड वेगळं करा, नसेल तर वापर झाला की दर वेळी ब्लीच. त्यांना बघणारी मावशी वेगळी, ती त्या दिवशी स्वयंपाकघरात जाणार नाही. कमोडचं झाकण लावून फ्लश. डॉक्टरांना फोन, ओआरएस सुरू, म्हातारी माणसं एका रात्रीत सुकतात. मावशीला स्वतःला झाले असतील तर शेवटच्या जुलाबानंतर ४८ तास सुट्टी, पगारी, परत तेच, बिनपगारी दिलीत तर ती गोळी खाऊन कामावर येईल.

खोकला, मास्क आणि पुणेरी स्कार्फ

पुण्यातल्या मुली गाडीवर जो स्कार्फ बांधतात तो धुळीसाठी ठीक आहे, पण एक सिस्टर तोच स्कार्फ मास्क म्हणून वॉर्डात वापरत होती, म्हणजे अख्ख्या कर्वे रोडची धूळ आजोबांच्या तोंडावर. २००९ ला स्वाइन फ्लूच्या वेळी नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा लागल्या तेव्हा रुमाल काय, ओढण्या काय, जे मिळेल ते बांधून लोक उभे होते. सर्दी-खोकल्याला साधा सर्जिकल मास्क चालतो, नाकासकट, ओला झाला की बदलायचा, हनुवटीवर अडकवून परत वर घ्यायचा नाही. टीबी किंवा गोवरासारख्या हवेतून पसरणाऱ्या आजाराला एन ९५ लागतो आणि तो नाकाभोवती घट्ट बसला पाहिजे. खिडक्या समोरासमोर उघडा. डिसेंबरात आजी म्हणतील थंडी वाजते, त्यांना कानटोपी द्या, खिडकी बंद करू नका. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल, पेशंटला असो की मावशीला, तर थुंकी तपासा, महापालिकेच्या दवाखान्यात फुकट होते.

सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार

१८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले पुण्यात रुग्णांची सेवा करत होत्या, मुलगा यशवंत डॉक्टर, त्यांच्या दवाखान्यात एका आजारी मुलाला पाठीवरून आणलं असं सांगतात, आणि त्यातच लागण होऊन १० मार्चला त्या गेल्या. आपण जयंती-पुण्यतिथीला हार घालतो, पण आपल्या घरात बारा तास ड्युटी करणाऱ्या बाईला हिपॅटायटिस बी ची (रक्तातून पसरणाऱ्या काविळीची) लस दिलीय का हे विचारत नाही. तीन डोस असतात, आज, महिन्याने, सहा महिन्यांनी. फ्लूची लस दरवर्षी, आजीला पण आणि मावशीला पण.

सुई वापरल्यावर टोपण परत घालायचं नाही, बऱ्याच वेळा त्यातच टोचते. सुईचा डबा (जाड प्लास्टिकची झाकणाची बाटली चालेल) इंजेक्शनच्या ट्रेमध्येच ठेवा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नाही. टोचलीच तर पिळू नका, चोखू नका, ब्लीच लावू नका, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच हॉस्पिटल गाठा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध दोन तासांत सुरू झालं तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही, ससूनसारख्या सरकारी हॉस्पिटलात मिळतं. शरमेने गप्प बसू नका आणि कोणी गप्प बसेल असं वातावरण ठेवू नका.

पाहुणे आणि कचरा

गणपतीत, दिवाळीत भेटायला झुंडीने लोक येतात. आजींना बरं वाटतं, अडवू नका, फक्त चपला काढायची जागा असते ना, तिथेच स्टुलावर हँडरब ठेवा, चपला काढल्या की हात आपोआप तिकडे जातो. सर्दी असलेल्याने व्हिडिओ कॉल करावा. कॉटवर बसायचं नाही, खुर्ची द्या. खुर्ची नसेल तर लोक कॉटवरच बसणार.

नर्सिंगचं काम करणाऱ्या संस्थेला २०१६ चे बायोमेडिकल कचऱ्याचे नियम पाळावे लागतात : रक्ताचा कापूस-ड्रेसिंग पिवळ्यात, नळ्या, लघवीच्या बॅगा, ग्लोव्हज लालमध्ये, सुया आरपार न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. घरच्या सुया बाटलीत साठवून लॅबला किंवा हॉस्पिटलला विचारून तिथे द्या, सुक्या कचऱ्यात टाकलीत तर तो कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बाईला टोचते. आणि डायपर. आपल्याकडे ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई येतात कचरा न्यायला, त्यांनीच ती लाल ठिपक्याची मोहीम चालवली होती, डायपर-पॅड वर्तमानपत्रात गुंडाळायचं आणि वर लाल पेनने ठिपका काढायचा म्हणजे त्यांना उघडून बघावं लागत नाही. दिवसाला चार-पाच डायपर निघतात, ठिपका काढायला पाच सेकंद लागतात. लाल पेन सुतळीने डायपरच्या बादलीच्या कड्यालाच बांधा, सुटं ठेवलंत तर संध्याकाळपर्यंत ते कोणाच्या तरी खिशात गेलेलं असतं, आमच्याकडची तीन गेली.